भिंतीच्या अलीकडचं बोरेज

रायपूर
२० ऑक्टोबर २०२४

कमलाताईंना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या अंगणात परवा सिमेंट पडलं. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर जास्त लागेल, म्हणून मीच सांगते. तुमचं घर ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत आणि चिखल त्यांना चालत नाही. जास्वंद गेली, कढीपत्ता गेला, ऑफिसला जायच्या आधी तुम्ही ज्या वाफ्यापाशी चहाचा कप घेऊन बसायच्या तो वाफाही गेला. मी गच्चीवर उभी राहून पाहत होते. खाली जाऊन थांबवणार होते, पण कोणत्या नात्यानं थांबवणार?

आता चांगलं सांगते. भिंतीच्या अलीकडे, माझ्या मोरीचं पाणी जिथे मुरतं तिथे नऊ रोपं उगवली आहेत. कांताबाई खुरपं घेऊन बसली होती. "काढून टाकू का बाई? कचरा हाय," म्हणाली. मी "हव, काढ" म्हणणार, तेवढ्यात तिनं एक पान चुरडलं आणि काकडीचा वास आला. मी अशी ओरडले की तिच्या हातातलं खुरपं पडलं. तुमचं बोरेज! उन्हाळ्यात वाळलेली झाडं भिंतीवर कलंडली होती ना, तेव्हा बिया इकडे पडल्या असतील. अख्खा पावसाळा मातीत पडून राहिल्या आणि थंडीची चाहूल लागताच निघाल्या.

तुम्हाला आठवतं का, चार वर्षांपूर्वी तुमच्या दीक्षानं विद्यापीठातून ते काळं बी आणलं तेव्हा मी काय म्हटलं होतं? बोरेज म्हणजे बोराचीच काहीतरी जात असणार, आता चार वर्षं बोरं लागायची वाट पाहा. तुम्ही महिनाभर मला "बोरंवाल्या बाई" म्हणत होत्या. मला बागेतलं काही कळत नाही हे मी कधी लपवलं नाही. माती नखात जाते एवढंच मला ठाऊक. तेव्हा आता सांगा, याला पाणी रोज घालायचं का? शेणखत घालू का? पानांवर ही पांढरी लव आहे ती टोचते, हा रोग आहे की असंच असतं?

फोन करून विचारलं असतं, पण तुमचा फोन वाजतो आणि वाजून थांबतो. दसऱ्याआधी पंडरीच्या बाजारात दीक्षा भेटली होती, साडीला फॉल घ्यायला आली होती. मी मराठीत विचारलं, तिनं नेहमीसारखं हिंदीत सांगितलं, "मम्मी ठीक हैं आंटी. सातवें माले पे हैं, हवा अच्छी आती है." पत्ता तिच्याकडूनच घेतला. नवा रायपूर इथून तासाभराच्या अंतरावर आणि मी तिकीट लावून पत्र पाठवते आहे. हसा खुशाल. पण समोरासमोर माझं तोंड काय बोलून बसेल याचा भरवसा नाही, हे आपण दोघींनी पाहिलं आहे.

अठ्ठावीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि जूनमध्ये तुमचं सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा तुम्ही माझ्या दाराकडे मान वळवली नाही. का, ते मला माहीत आहे. संक्रांतीचंच. माझ्या मनात वाईट काही नव्हतं एवढं आधी सांगून ठेवते. बाकी त्याबद्दल या पत्रात लिहिणार नाही.

पाण्याचं तेवढं कळवा.

तुमची
मंदा


८ नोव्हेंबर २०२४

कमलाताईंना,
सप्रेम नमस्कार.

उत्तर आलं नाही. दिवाळीच्या गडबडीत असाल.

नवाची पाच झाली. माझ्याच हातानं झाली, म्हणून आधी कबूल करते. माझ्या मनात आलं की सातव्या मजल्यावर तुम्हाला माती कुठून मिळणार, तर एक छान कुंडी करून पाठवावी. चार रोपं खणून काढली. वरून एवढंसं रोप आणि खाली मूळ हातभर, सरळ पाताळात चाललेलं. चारही मुळं तुटली. कुंडीत लावली, पाणी दिलं, सावलीत ठेवली, संध्याकाळपर्यंत चौघांनी माना टाकल्या. मग आठवलं, तुम्ही सांगत होता की हे जिथे उगवतं तिथेच राहू द्यायचं, याला हलवलेलं सोसत नाही. तेव्हा मी ऐकलं नव्हतं. तुम्ही बोलत असताना मी बहुतेक वेळा पुढे आपण काय बोलायचं याचा विचार करत असायचे.

चूक भरून काढायला तेलीबांध्याकडच्या नर्सरीत गेले, रिक्षा करून, दुखरा गुडघा घेऊन. बोरेज आहे का विचारलं. "है ना आंटी, इंडियन बोरेज, सब यही ले जाते हैं," म्हणत त्यानं जाड पानांचं एक लुसलुशीत रोप हातात दिलं. पानांवर लव होतीच. मी खूश. घरी आणून पान चुरडलं तर ओव्याचा वास. अहो, पानओवा! तुमच्या आणि माझ्या, दोघींच्या मोरीपाशी जो वीस वर्षं फुकट वाढला तो. परत गेले भांडायला. तो शांतपणे म्हणाला, "नाम तो इसका भी यही है आंटी, अब आपको कौन सा चाहिए ये तो आपने बताया नहीं." कांताबाई अजून हसते आहे. तुम्ही असता तर तिच्याहून जास्त हसला असता.

एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, सांगायला कोणी नव्हतं. आपल्या विकीला सप्टेंबरमध्ये मुलगी झाली. गंधाली नाव ठेवलं. अनुश्री बाळंतपणाला यवतमाळला माहेरी आहे, विकी बंगलोरहून सुट्टी मिळेल तसा जातो. दिवाळीही तो तिकडेच होता. मला बोलावलं होतं, मी गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं सांगायचं तर विहीणबाईंकडे जायला मला नको वाटतं. का नको वाटतं ते तुम्हाला समजेल, दुसऱ्या कोणाला समजणार नाही.

मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा मी सवयीनं भिंतीपाशी गेले आणि "अहो कमलाताई" अशी हाक मारली. पलीकडून नव्या मालकांचा ड्रायव्हर म्हणाला, "किसको बुला रहे हो माताजी?" विकीला तुमच्या मांडीवर झोपायची सवय होती हो. माझ्या मांडीवर तो रडायचा. तुम्हाला पहिल्यांदा सांगायचं होतं.

लक्ष्मीपूजनाला एकच पणती तुमच्या बाजूच्या भिंतीवर ठेवली. वाऱ्यानं विझली, परत लावली नाही.

मंदा


२७ नोव्हेंबर २०२४

कमलाताईंना,
सप्रेम नमस्कार.

दोन्ही पत्रं एकदम परत आली. पोस्टमन म्हणाला, "पता अधूरा है माताजी. उस सोसाइटी में तीन कमला हैं, गार्ड ने लिया नहीं." म्हणजे पाण्याचं तुम्हाला मी विचारलेलंच नाही, गंधालीचं तुम्हाला कळलेलंच नाही, आणि मी इकडे महिनाभर तुमच्यावर रुसून बसले होते. आता तिन्ही एका पाकिटात घालते आहे.

पंडरीत दीक्षानं मला बजावलं होतं. "आंटी, पूरा नाम डालिएगा, सरनेम के साथ." हे पहिल्या पत्रात मी लिहिलं नाही. विसरले असं तुम्हाला सांगता आलं असतं. पण मी विसरले नव्हते. पाकिटावर कमला लिहिलं आणि पेन थांबलं. पुढे मेश्राम लिहायचं, अठ्ठावीस वर्षं तुमच्या फाटकावरच्या पाटीवर रोज वाचलेलं. पण ते लिहायचं तर संक्रांतीला मी जे बोलले ते आधी लिहावं लागेल असं वाटलं. म्हणून "कमलाताई, प्रशिक यांची आई" असं लिहून टाकलं.

तर आता लिहिते. तुम्ही तिथे होता, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते ऐकलेलं नाही.

अनुश्रीची पहिली संक्रांत होती. काळी साडी, हलव्याचे दागिने, यवतमाळहून विहीणबाई, विनोदिनीबाई, तीन बायका घेऊन आलेल्या. हळदीकुंकवाला तुम्ही दरवर्षी याल, कुंकू लावून घेणार नाही, तिळगूळ घ्याल, तासभर बसाल, हे आपलं ठरलेलं. तुम्ही बोरेजच्या पानांची भजी आणली आणि तिळाच्या वड्यांवर एकेक निळं फूल चिकटवून आणलं. सगळ्या बायका तुमच्याभोवती. फूल खायचं असतं हे कोणाला खरं वाटेना. विनोदिनीबाईंनी तीन वड्या खाल्ल्या. मला, खोटं कशाला सांगू, थोडा हेवाही वाटला. घर माझं, सून माझी आणि कौतुक तुमचं.

मग विनोदिनीबाईंनी विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हनलं जी?"

तुमच्या तोंडात घास होता. मी म्हटलं, "देशमुख."

"कोनते देशमुख?"

"कारंज्याकडले," मी म्हटलं.

"अवो, मंग तं आमचे सोयरेच निघतीन!" असं म्हणत त्या तुमच्याजवळ सरकल्या आणि माहेर कोणतं, मामा कोणते असं विचारायला लागल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी सरबताचा जग उचलून आत गेले.

बस्स, एवढंच. तुम्ही वाटी खाली ठेवली, "येतो मंदाताई" म्हणालात आणि गेलात.

आता माझी बाजू ऐका. नवं नातं होतं. ती माणसं कशी आहेत मला ठाऊक नव्हतं. माझ्या घरात, माझ्यासमोर, तुम्हाला कोणी वेडंवाकडं बोललं असतं, कोणी घास ठेवून उठलं असतं, तर मला ते पाहवलं नसतं. तुमचा अपमान होऊ नये म्हणून मी बोलले. दुसरं काही नाही. तुमची लाज राखायला गेले आणि तुम्ही माझ्याशीच बोलणं टाकलंत.

पाचही रोपं वीतभर झाली आहेत. एका दिवसाआड पाणी घालते. बरोबर की चूक, तेही कळवा.

मंदा


२२ डिसेंबर २०२४

कमलाताईंना,

या वेळी पाकिटावर मेश्राम लिहिलं होतं, ते परत आलं नाही. म्हणजे पोचलं. तुमच्या टेबलावर असेल, उघडलेलं किंवा न उघडलेलं. परत आलं असतं तर निदान काहीतरी आलं असतं.

मागच्या पत्रात मी जी बाजू मांडली ती मी मागे घेते. कशी घेतली ते सांगते.

हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. खिडकीतल्या मुलानं आवाज दिला, "मंदाकिनी कश्यप!" मी बसून राहिले. तीनदा आवाज दिला. मग कळलं की मीच ती. आमचं काळमेघ कधीतरी कोणाला तरी वाचता आलं नव्हतं, म्हणून तिथे कश्यप टाकून ठेवलं होतं. मी म्हटलं, हे माझं नाव नाही. तो म्हणाला, "क्या फर्क पड़ता है आंटी, काम तो हो रहा है ना." कमलाताई, मी त्या बँकेत जो तमाशा केला! माझ्या नवऱ्यानं चौतीस वर्षं रेल्वेत या नावानं सही केली, त्याच्या चितेवर हे नाव गेलं, तू कोण बदलणारा, असं भर बँकेत ओरडले. मॅनेजर उठून आला. पाणी दिलं. दुरुस्ती करूनच उठले.

बाहेर येऊन रिक्षात बसले आणि तेलीबांध्याच्या तलावापर्यंत येता येता माझा सगळा आवाज गेला.

माझं तर कोणीतरी चुकून बदललं होतं. मी तुमचं समजून-उमजून बदललं, तुमच्या तोंडात घास असताना. भैय्यालाल भाऊजींना जाऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या तेराव्याला, म्हणजे तुमच्यात तसं म्हणत नाहीत, त्या दिवशी बुद्धवंदनेला मी तुमच्या शेजारी बसले होते. त्यांच्या नावाची पाटी तुम्ही रोज सकाळी फडक्यानं पुसायच्या, ते मी माझ्या ओट्यावरून पाहायचे. आणि त्याच नावाला मी माझ्या दिवाणखान्यात येऊ दिलं नाही.

तुमचा अपमान होऊ नये म्हणून बोलले, हे खोटं आहे. तुम्हाला कोणी काही बोललं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात साहेबांना उत्तरं दिलेली बाई तुम्ही. माझी विहीण मला काय म्हणेल, हिच्या घरात कोण येतं-जातं असं मनात आणेल, ही माझी भीती होती. लाज मला वाटली. तुमची. अठ्ठावीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, जिच्या मांडीवर माझा मुलगा वाढला, तिची. हे वाक्य लिहायला मला अकरा महिने लागले.

आणि "येतो मंदाताई" म्हणून तुम्ही गेलात हेही मी खोटंच लिहिलं. मी फाटकापर्यंत तुमच्या मागे आले होते. तुम्ही थांबलात. आवाज चढवला नाही. तुम्ही म्हणालात, "आज तुमच्या घरी देशमुखबाई आल्या होत्या, मंदाताई. मी तं आलीच नाही."

मी म्हटलं, "तुमी बी ना, काहून एवढं मनाले लावून घेता?" आणि आत येऊन बायकांना वाण वाटलं.

आणखी एक. या पत्राच्या वर मी नमस्कार लिहिला नाही. लिहिणार होते. मग आठवलं, इतकी वर्षं तुम्ही मला भिंतीवरून "नमस्कार मंदाताई" म्हणत आल्या, माझ्या पद्धतीचा. मी तुम्हाला तुमच्या पद्धतीनं एकदाही जय भीम म्हटलं नाही. कधी सुचलंच नाही. आता लिहिलं तर ते लाडीगोडी लावल्यासारखं होईल, म्हणून जागा रिकामी ठेवली.

बोरेजला आज पहिलं फूल आलं. कळी गुलाबी होती, सकाळी उघडली तर निळी. मान खाली घालून लटकलं आहे, आत पाहायचं तर मलाच वाकावं लागतं, आणि गुडघा वाकत नाही. कांताबाईनं पाटावर बसवलं. बराच वेळ बसले. दोन मधमाश्या आल्या होत्या. झाडं उंच झाली, पोकळ दांडे आपल्याच भारानं आडवे होतात, म्हणून काड्या रोवून सुतळीनं सैल बांधले. दोन झाडांवर काळा मावा पडला होता, तो साबणाच्या पाण्यानं धुतला. कोणी शिकवलं नाही. तुम्हाला करताना इतकी वर्षं पाहत होते, तेव्हा वाटायचं मी काही पाहत नाहीये.

दिवसभरात मी जे बोलते ते कांताबाईशी बोलते, आणि ती सकाळी दहा वाजता बीरगांवला परत जाते. त्यानंतर घरात टीव्ही बोलतो.

संक्रांतीला अनुश्री बाळाला घेऊन येते आहे. गंधालीचं बोरन्हाण इथेच करायचं म्हणते. विनोदिनीबाई येतील. फोनवर अनुश्री म्हणाली, "आई, कमलाकाकूंना बोलवा ना." तिनं काकूंचं आडनाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मी म्हटलं, पाहू.

मी तुम्हाला बोलावत नाही. कोणत्या नावानं बोलावू, हे आधी माझ्या घरात ठरायला हवं.

मंदाकिनी


१५ जानेवारी २०२५

कमलाताई,

काल बोरन्हाण झालं. गंधाली बोरं आणि चुरमुरे अंगावर पडताना मुळीच रडली नाही, हलव्याचा मुकुट ओढून तोंडात घातला. तिचे कान विकीसारखे आहेत, बाहेर आलेले.

मी सकाळी उठून बोरेजची फुलं तोडली, एका वाटीत, तुम्ही तोडायच्या तशी, मागचा काळा-हिरवा देठ हलकेच ओढून. वड्यांवर लावली. लिंबाच्या सरबतातही टाकली, तर निळी फुलं पाहता पाहता गुलाबी झाली. मला वाटलं खराब झाली. अनुश्री म्हणाली, लिंबानं होतात तशी. भजी मात्र मला जमली नाहीत. पीठ सैल झालं, पानं कढईत सुटून आली. ती मी आणि कांताबाईनं स्वयंपाकघरात उभ्यानं खाल्ली.

विनोदिनीबाई आल्या, सोबत त्यांची नणंद. ओळीतल्या चार घरच्या बायका होत्या. वडी हातात घेऊन विनोदिनीबाईंनी विचारलंच, "अवो, त्या मागच्या सालच्या देशमुखबाई नाही आल्या काय? त्यांच्याच हातचं फूल वाटते हे."

सरबताचा जग माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. आत जायचा मोह झाला, हे तुमच्यापासून काय लपवू.

मी म्हटलं, "त्या देशमुख नाहीत. त्यांचं नाव कमला मेश्राम. फूल त्यांच्याच बागेतलं, त्यांच्या पोरीनं बी आनलं होतं. मागच्या साली मी तुमच्याशी खोटं बोलली."

विनोदिनीबाईंच्या नणंदबाईंनी सरबताचा ग्लास सावकाश खाली ठेवला आणि कांताबाईकडे साधं पाणी मागितलं. मी ते पाहिलं. वर्षभर ज्याला भीत होते ते एवढंच होतं, एका ग्लासाचा आवाज. मी मेले नाही, घर पडलं नाही. पण मागच्या वर्षी हा आवाज तुमच्यासमोर झाला असता, तर मी तुमच्या बाजूला उभी राहिले असते की नाही, हे मला अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

विनोदिनीबाई मात्र वडी खात राहिल्या. म्हणाल्या, "मले ठाऊक हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्याच दिवशी निघता निघता अनुश्रीनं सांगतलं. विकीले लहानाचं मोठं त्यांनीच केलं म्हने."

"मंग तुमी वर्षभर काही बोलल्या काहून नाही?"

त्या जरा अवघडल्या. नणंदेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "काय बोलू? मले वाटलं, त्या बाईनंच तुमाले तसं सांगाले लावलं असंन. चार लोकांत लाज वाटत असंन बिचारीले आपल्या आडनावाची. म्हटलं, कशाले उघडं पाडा त्यांले."

कमलाताई, मी ज्याचा विचार केला नव्हता ते हे. तुम्हाला मी माझ्या घरातून पुसलं, इतपत माझ्या डोक्यात शिरलं होतं. पण वर्षभर यवतमाळच्या त्या घरात, जेवताना, बाळंतपणात, गप्पा निघतील तेव्हा, तुम्ही स्वतःच्या नावाला लाजणारी एक बिचारी बाई होतात. लोकांनी तुमच्यावर दया केली. तुमच्यावर! ज्या बाईनं मुलाच्या लग्नपत्रिकेवर मेश्राम हे नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात छापून घेतलं होतं, आणि मी तेव्हा "एवढं मोठं काहून?" म्हणून विचारलं होतं, तिच्यावर. माझी लाज मी तुमच्या अंगावर टाकून मोकळी झाले होते, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आजपर्यंत. हे तुम्हाला सांगू नये असं रात्री फार वाटलं. न सांगणं सोपं होतं. पण तुमच्याविषयी तुमच्या माघारी काय समजलं गेलं, ते माझ्याजवळ ठेवून घ्यायचा मला हक्क नाही.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "त्यांले कधीच लाज वाटली नाही. त्यांनी मले काही सांगाले लावलं नाही. लाज मले वाटली होती, विनोदिनीबाई. त्यांच्या नावाची लाज मले वाटली होती. त्या तं तेव्हाच फाटकातून निघून गेल्या, अन् आजवर माह्याशी बोलल्या नाहीत. बरोबर केलं त्यांनी."

अनुश्री बाळाला घेऊन आत गेली. ती रडत होती असं कांताबाई म्हणाली, मी पाहिलं नाही. विनोदिनीबाई जाताना चपला घालता घालता एवढंच म्हणाल्या, "मी बी त्या दिवशी तोंड उघडाले पायजे होतं." ज्याचं त्याचं ज्यानं त्यानं पाहावं.

आता घरात पुन्हा कोणी नाही. अनुश्री, बाळ, सगळे दुपारच्या गाडीनं गेले. मला वाटलं होतं, हे एकदा बोलले की हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट घर जास्त मोठं वाटतं आहे. इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की मी तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे. आज बसून विचार केला, की मी तुम्हाला उत्तर देण्यासारखं काही लिहिलं तरी होतं का? पाणी किती घालू, खत घालू का.

म्हणून आज काही विचारत नाही. फोन करा म्हणत नाही, या म्हणत नाही, माफ करा असंही म्हणत नाही, कारण माफ करायचं म्हटलं की पुन्हा तुमच्याच डोक्यावर काम येतं. त्या खोलीत सहा पाहुण्या बायका होत्या. तुमचं खरं नाव त्यांनी आता माझ्या तोंडून ऐकलं आहे, आणि लाज कोणाची होती तेही त्यांना ठाऊक आहे. एवढं कळवायला हे पत्र.

मंदाकिनी काळमेघ